मक्याच्या बेवडावर गहू पिवळा का पडतो?

मराठवाड्यातल्या आमच्या सिल्लोड-कन्नड पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास शेतं सारखीच दिसतात. मक्याची कणसं खुडून मळणीयंत्राकडे गेलेली असतात, वावरात वाळलेले धांडे उभे असतात आणि त्या बेवडावर, म्हणजे मका निघालेल्या जमिनीत, गव्हाच्या पेरणीची घाई सुरू झालेली असते. चाऱ्यापुरतं कापून नेलं जातं. उरलेल्यावर रोटाव्हेटर फिरतो किंवा कोणी काडी लावतो. आठवड्यात पेरणी.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन एकरांच्या तुकड्यात असंच झालं. अर्ध्या भागातला मका एका नातेवाइकाने जनावरांसाठी बुडापासून कापून नेला. उरलेल्या अर्ध्या भागातले धांडे आम्ही रोटाव्हेटरने मातीत मिसळले, कारण धांडे गाडले की जमीन सुधारते हे ऐकून होतो. दोन्हीकडे एकाच दिवशी एकच गहू पेरला, खतही सारखंच दिलं. पंचविसाव्या दिवशी बांधावर उभं राहिलो तर दोरी लावून आखल्यासारखी रेघ दिसत होती. चारा नेलेल्या बाजूचा गहू हिरवागार, धांडे गाडलेल्या बाजूचा फिकट पिवळा आणि खुरटलेला.

चुलते म्हणाले, "युरिया कमी पडलाय रे. अर्धी गोणी फोकून दे, होईल हिरवा."

फोकली. आठवडाभर पिकाने थोडा रंग धरला आणि पुन्हा उतरला. तेव्हा खुरपं घेऊन ओळीशेजारी बसलो. चार बोटं खोल उकरलं तर मक्याच्या धांड्याचे वीत-अर्ध्या वितीचे तुकडे लागले. वरून तपकिरी, मोडले की आत अजून पांढरा भेंड. त्यांच्यावर कापसाच्या धाग्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती आणि गव्हाच्या मुळ्या नेमक्या त्या तुकड्यांमधून वाट काढत होत्या. माझ्या युरियाचं काय झालं याचं उत्तर त्या मुठीतच होतं, पण ते कळायला मला पुढचं वर्ष लागलं.

मातीतले खाणारे

धांडा कुजतो म्हणजे त्याला कोणीतरी खातं. जिवाणू, बुरशी आणि त्यांच्या मागोमाग येणारे बारीक जीव. त्यांनाही आपल्यासारखं दोन प्रकारचं अन्न लागतं, ताकदीसाठी कर्ब, म्हणजे कार्बन, आणि शरीर बांधायला नत्र, म्हणजे नायट्रोजन. कर्ब ही भाकरी समजा आणि नत्र हे कोरड्यास, म्हणजे सोबतची भाजी. जिवाणूंना साधारण २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र असलेलं ताट लागतं. तेवढं मिळालं की त्यांचं भागतं.

आता ताटात काय येतं ते पाहू. चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोवळी द्विदल हिरवळ यांत २० भागांच्या आसपास कर्बामागे १ भाग नत्र असतं. म्हणजे कोरड्यास भरपूर, जिवाणू खाऊन उरलेलं पिकाला सोडतात. मक्याच्या वाळलेल्या धांड्यात हेच प्रमाण ६० भागांना १ च्या जवळ जातं. गव्हाच्या काडात तर ८० भागांना १. नुसती भाकऱ्यांची चळत आणि चिमूटभर कोरड्यास. भूक मोठी, कोरड्यास थोडं. मग जिवाणू मातीत जे तयार नत्र असेल ते उचलतात. तुम्ही पेरणीसोबत दिलेलं नत्र, नंतर फोकलेला युरिया, सगळं. पीक आणि जिवाणू एकाच ताटात जेवतात आणि जिवाणूंचा हात जास्त चालतो. ते संख्येने अब्जावधी आहेत, मातीच्या कणाकणाला चिकटलेले आहेत आणि कोवळ्या पिकाच्या मुळ्या तेव्हा कुठे वीतभर गेलेल्या असतात.

आकडे घालून पाहिलं तर नीट उमजतं. १ टन वाळलेल्या धांड्यात साधारण ४२० किलो कर्ब आणि ७ किलो नत्र असतं. जिवाणू कर्बातला मोठा वाटा श्वासावाटे हवेत सोडतात आणि एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे १४० किलो, शरीरात ठेवतात. त्यांच्या शरीरात ८ ते १० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं. म्हणजे गरज १४ ते १७ किलोची, धांड्यात आहे ७. तूट ७ ते १० किलो नत्राची, म्हणजे १५ ते २२ किलो युरियाची. एकरी २५ क्विंटल मका पिकला तर धांडेही जवळपास तेवढेच निघतात. ते सगळे मातीत मिसळले तर तूट याच्या अडीच पट. ही तूट एका दिवसात पडत नाही, काही महिन्यांत पसरून पडते. पण तिचा सगळ्यात जोराचा भाग नेमका पहिल्या पाच-सहा आठवड्यांत येतो आणि गव्हाला फुटवे फुटण्याचा काळही तोच.

यातली मुख्य गोष्ट ही की जिवाणूंनी घेतलेलं नत्र बुडत नाही. ते उसनं गेलेलं असतं. धांडा संपला, जिवाणूंची उपासमार सुरू झाली, ते मेले, की तेच नत्र पुन्हा मातीत मोकळं होतं. आमच्या शेतात ते मोकळं झालं असेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू ओंबीत असताना किंवा त्यानंतर उन्हाळ्यात, जेव्हा वावरात घ्यायला कोणी नव्हतं. उसनं परत आलं, पण गरज होती तेव्हा नाही. म्हणून धांडे, नांगरट आणि युरिया हे तीन वेगळे प्रश्न नाहीत असं मी म्हणतो. नत्राची एकच वही आहे आणि तिच्यात किलोइतकीच तारीखही महत्त्वाची आहे. कोणत्या तारखेला किती नत्र कोणाच्या हातात आहे, हे धांडे कसे ठेवले, नांगर कधी घातला आणि खत कुठे टाकलं यावर ठरतं.

काडी लावली तर?

पिवळेपणा टाळायचा तर पेटवून देणं सोपं, असं ऐकायला येतं. ते काम करतं हे खरं आहे. धांडेच नाहीत म्हटल्यावर जिवाणूंची भूक नाही, गहू हिरवा राहतो. लोक पेटवतात ते अडाणीपणाने नाही. पेरणीयंत्राच्या फणात धांडे अडकतात, मजूर मिळत नाही, पुढची तारीख निघून चाललेली असते.

जाळण्यात काय जातं ते मात्र खरेपणाने मोजायला हवं. २५ क्विंटल धांड्यातलं १७ किलोच्या आसपास नत्र जवळपास सगळं धुरात जातं. ते झालं ३८ किलो युरियाएवढं. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना मिळते, म्हणजे नुकसान सव्वादोनशे रुपयांचं. एवढ्यासाठी कोणी काडी खिशात ठेवणार नाही आणि "जाळू नका, नत्र जातं" असं सांगणारे म्हणूनच हरतात. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) राखेत बऱ्यापैकी उरतं, वारा-पाणी नेईल ते सोडून.

खरं नुकसान कर्बाचं. त्याच धांड्यांत हजार किलोच्या वर कर्ब असतो. मातीत कुजला तर त्यातला बराच हवेत जातो, पण दहातला एखादा वाटा टिकाऊ ह्यूमस, म्हणजे कुजून मातीत मुरलेला सेंद्रिय अंश, होऊन राहतो. वर्षाला शंभर किलोच्या आसपास. हे थोडं वाटतं, पण मूळ शिल्लक किती आहे ते पाहा. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन साधारण साडेआठ लाख किलो भरतं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आला, आणि आपल्याकडे बऱ्याच जमिनींचा तेवढाच किंवा त्याहून कमी येतो, तर सगळा मिळून कर्ब सव्वाचार हजार किलो. त्याच्या आधाराने मातीत सुमारे चार क्विंटल नत्र साठलेलं असतं आणि त्यातलं दरवर्षी दोन टक्के, म्हणजे आठेक किलो, पिकाला आपोआप मिळतं. हा साठा म्हणजे मुद्दल. दरवर्षी शंभर किलोची भर पडणं आणि न पडणं यांत दहा वर्षांनी जो फरक होतो तो मातीच्या रंगातही दिसतो आणि पाऊस पडल्यावर पाणी मुरण्यातही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या. तेवढ्या पावसापुढे कोणताच उपाय पूर्ण पुरा पडत नाही, पण साध्या वळवातही झाकलेली माती आणि उघडी माती यांतून वाहणाऱ्या पाण्याचा रंग वेगळा असतो. हे मी आमच्याच बांधावर पाहिलं आहे.

नांगरल्यावर पीक जोमात का येतं?

जुनी माणसं सांगतात की खोल नांगरट केली की पीक काळंभोर येतं. ते खोटं सांगत नाहीत. नांगराने ढेकळं फुटतात, हवा आत जाते, ढेकळाच्या पोटात वर्षानुवर्षं सुरक्षित बसलेला ह्यूमस जिवाणूंच्या हाती लागतो. ते तो खातात आणि त्यातलं नत्र सुटतं. ह्यूमसमध्ये १०-१२ भाग कर्बामागे १ भाग नत्र असल्यामुळे इथे उधारी नसते, उलट वाटप होतं. पिकाला वाटतं खत मिळालं. प्रत्यक्षात आपण व्याज संपवून मुद्दलात हात घातलेला असतो. दरवर्षी घातला की आधी पीक जोमात येतं, मग बरं येतं, मग युरियाशिवाय उठतच नाही.

रोटाव्हेटरचा दोष वेगळा. तो वरची माती भुकटीसारखी करतो आणि त्याच खोलीवर दरवेळी घासून खाली कडक थर बनवतो, विशेषतः काळी जमीन ओली असताना चालवला तर. मक्याचं एक रोप मुळासकट उपटून पाहा. मुळ्या वीतभर खाली जाऊन आडव्या वळलेल्या असतील तर तो थर तिथेच आहे.

मशागत धांड्यांचा हिशेबही बदलते. बारीक करून मातीत कालवले की जिवाणूंचा धांड्यांशी चहूबाजूंनी संपर्क येतो, कुजणं वेगाने होतं आणि नत्राची उचलही वेगाने. जमिनीवर पसरून ठेवले तर फक्त खालची बाजू मातीला टेकते. कुजणं संथ, उचल थोडी आणि तीही वरच्या बोटभर थरात. मुळ्या त्याखाली असतात. म्हणजे बिननांगरणीत पीक कमी पिवळं पडतं, पण एका अटीवर. खत वर टाकायचं नाही, त्या थराच्या खाली द्यायचं.

आपल्याकडे बिननांगरणीची वाट मळणाऱ्यांत रायगड जिल्ह्यातल्या नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांचं नाव पुढे आहे. त्यांची पद्धत भातापासून सुरू झाली. कायमचे गादीवाफे, नांगर नाही आणि मागच्या पिकाच्या मुळ्या जमिनीतच ठेवायच्या. नंतर ती इतर पिकांकडे आणि कोकणाबाहेरही गेली. मुळ्या ठेवण्याचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. वरच्या धांड्यापेक्षा मुळांमधला कर्ब मातीत जास्त टिकतो. जनावरांसाठी सगळा चारा न्यावा लागला, तरी बुडखा उपटू नका. गुडघ्याएवढं धसकट उभं ठेवून कापलं तर जनावराचं काही जात नाही. बुडाचा जाड धांडा ते तसंही चघळून टाकतात.

बिननांगरणीची किंमतही सांगायला हवी. तणांसाठी तणनाशकावर भिस्त वाढते. पेरणीयंत्र धांड्यांत अडकतं, म्हणून आधी धांडे बारीक करणारा श्रेडर फिरवावा लागतो किंवा मजूर लावून टोकण करावी लागते. आणि मक्यात २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आहे. ही अळी पूर्ण वाढली की दोन ते आठ सेंटीमीटर खोल मातीत जाऊन कोष करते. नांगरटीने कोष वर येतात, उन्हाने आणि बगळ्या-साळुंक्यांनी संपतात. नांगर बंद केला तर हा फायदा जातो. करप्याची बुरशीही धांड्यांवर तग धरते. माझं मत असं की मक्यावर पुन्हा मकाच घ्यायचा असेल आणि मागच्या हंगामात अळीने पोंगे खाल्ले असतील, तर त्या वर्षी हलकी मशागत करावी, खोल नांगरट नको. कोष वरच्या थरातच असतात. अळीचा पतंग रात्रीतून लांबवर उडत येतो, त्यामुळे आपलं एकट्याचं वावर नांगरून गाव सुरक्षित होत नाही. मक्यावर मका टाळणं हा त्यापेक्षा भक्कम उपाय.

युरियाच्या चार वाटा

युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. मका त्यातलं निम्म्याच्या आसपास घेतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीचं कुठे जातं?

एक वाट जिवाणूंची, ती आपण पाहिली. दुसरी हवेची. युरिया ओल्या मातीवर पडला की युरिएज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचा अमोनिया होतो. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर नाकात जाणारा गोमूत्राचा उग्र वास, तोच हा वायू. काळ्या जमिनीचा सामू (पीएच) सहसा ७.५ च्या वर असल्यामुळे तो आणखी सहज उडतो. आणि हे विकर मातीपेक्षा धांड्यांवर जास्त असतं. म्हणून पसरलेल्या धांड्यांवर युरिया फोकणं ही सगळ्यात तोट्याची पद्धत. दाणे धांड्यांवर अडकतात, दवाने विरघळतात आणि पाऊस आला नाही तर आठवड्यात पाव हिस्सा उडून जाऊ शकतो. पाच-सहा सेंटीमीटर मातीआड केला की हे नुकसान जवळपास थांबतं.

तिसरी वाट पाण्याची. अमोनियाचं नायट्रेट होतं आणि नायट्रेट मातीला चिकटत नाही, निचऱ्याबरोबर मुळांखाली उतरतं. चौथी वाट पाणी साचण्याची. शेतात दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं, मातीतली हवा संपली, की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वासासाठी वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं. त्यात नायट्रस ऑक्साइडही असतो, जो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरदार आहे. आणि ताजे धांडे गाडलेले असतील तर या जिवाणूंना खायला मुबलक मिळतं, म्हणून हे नुकसान वाढतं.

२०१५ पासून आपल्याकडे जवळपास सगळा युरिया निंबोळी लावलेला येतो. निंबोळीमुळे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या वाटेवर ती उपयोगी. दुसऱ्या वाटेवर, म्हणजे अमोनिया उडण्यावर, तिचा आधार नाही. "निंबोळीचा आहे, वर टाकला तरी चालतो" हा समज मनातून काढायला हवा.

आपल्या भाषेत यासाठी एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, मूठ वळली तर ढेकूळ होतं आणि सोडलं तर फुटतं. युरिया देण्याची वेळ तीच. मोठ्या पावसानंतर मका पिवळा दिसतो आणि आपण घाबरून चिखलात युरिया फेकतो. तो पिवळेपणा बहुतेकदा मुळांना हवा न मिळाल्याचा असतो. आधी चर काढून पाणी काढा, वाफसा येऊ द्या, मग खत. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या मक्यात ही वेळ कमी येते.

आता मात्रा. खरीप मक्याला आपल्याकडची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी आहे. एकराला ४८, २४ आणि १६. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची एक गोणी टाकली की ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद आलं. राहिलं ३९ किलो नत्र, म्हणजे ८५ किलो युरिया, दोन गोण्यांना थोडा कमी. आमच्याकडे चार-चार गोण्या टाकणारे आहेत आणि त्यांचा मका आमच्याहून उंच असतो, पण उतारा जास्त नसतो. या ८५ किलोंतले १५ पेरणीला, ३५ तिसाव्या दिवशी, ३५ चाळीस-पंचेचाळिसाव्या दिवशी. कारण पहिले तीन-चार आठवडे मका फार थोडं नत्र घेतो. गुडघ्याएवढा झाला की उचल झपाट्याने वाढते आणि स्त्रीकेसर दिसेपर्यंत एकूण गरजेचा दोन तृतीयांश भाग त्याने घेतलेला असतो. दुसरा हप्ता ओळीपासून चार बोटं दूर टाकून लगेच कोळपं चालवा, तिसऱ्या हप्त्याला मातीची भर लावा. खत मातीआड होतं आणि तणही निघतं. एका कामात दोन कामं.

पीक खरंच नत्राला मुकलंय का हे पानावरून ओळखता येतं. मक्याच्या सगळ्यात खालच्या पानाकडे बघा. टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेच्या बाजूने आत घुसणारा पिवळा पट्टा, आडव्या पाचरीसारखा, ही नत्राची खूण. मका जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतो, म्हणून खालचं पान आधी जातं. पिवळेपणा पानाच्या कडेने असेल आणि कडा करपल्यासारखी असेल तर ती पालाशाची ओरड, तिथे युरिया टाकून काही होणार नाही.

पालाशाचा मुद्दा निघालाच तर धांड्यांशी त्याचं नातं सांगतो. मक्याने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा दाण्यात जात नाही, धांड्यातच राहतो. टनामागे १४ किलोच्या आसपास. चारा घरच्या गोठ्यात गेला आणि शेण शेतात परत आलं तर बरंचसं परत येतं. सगळा चारा गावाबाहेर विकला तर एकरी २५ क्विंटलमागे ३५ किलो पालाश ट्रकात बसून जातं, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीहून जास्त. चारा विका, पण भाव ठरवताना ही गोणी धरा.

पुढचं पीक कोणतं, त्यावर धांडे

हे सगळं कळल्यावर माझा पहिला प्रश्न बदलला. "धांडे गाडू की जाळू" हा प्रश्न राहिला नाही. पुढे काय पेरायचंय, आणि किती दिवसांत, हा झाला.

पुढे हरभरा असेल तर धांडे ठेवण्यासाठी त्याहून चांगली संधी नाही. हरभरा स्वतःच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधतो. जिवाणूंनी मातीतलं नत्र उचललं तरी त्याचं अडत नाही, उलट मातीत नायट्रेट कमी असलं की गाठी जास्त धरतात. मक्याने खाऊन सोडलेली, धांड्यांनी भुकेलेली जमीन हरभऱ्याला मानवते. वरून धांड्यांचं आच्छादन मिळालं तर कोरडवाहूत ओल टिकते. आता आम्ही मक्याच्या बेवडावर हरभराच घेतो, आणि हा बदल मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

गहूच घ्यायचा असेल तर घाई नको. श्रेडरने धांडे बारीक करा, ओल असताना वरच्या थरात मिसळा आणि शक्य तर तीन आठवडे जाऊ द्या. उसाच्या पाचटासाठी आपल्याकडे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू असं प्रमाण रूढ आहे. मक्याच्या धांड्यांसाठी मी तेच वापरतो. २५ क्विंटलला २० किलो युरिया. तो पिकाला नाही, जिवाणूंना दिलेला आहे, म्हणून पिकाच्या हप्त्यातून वजा करू नये. गव्हाचा पेरणीचा हप्ता बियाण्याच्या खाली-शेजारी पेरूनच द्यावा. वेळच नसेल तर अर्धे धांडे चाऱ्याला काढून उरलेले मिसळा. निम्मी भाकरी, निम्मी उधारी. थंडी वाढत गेली की जिवाणूही मंदावतात, म्हणून नोव्हेंबरअखेर गाडलेले धांडे जानेवारीतही तसेच सापडतात.

मक्यावर रब्बी मका हा सगळ्यात महाग क्रम. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला, त्यामुळे मोह कळतो. पण अमेरिकेतल्या आयोवासारख्या मक्याच्या मुलुखातही सोयाबीनवरच्या मक्यापेक्षा मक्यावरच्या मक्याला एकरी सुमारे ५० पौंड, म्हणजे २२-२३ किलो, जादा नत्र धरतात. आपल्या मापात ती युरियाची एक गोणी आणि वर थोडा. त्यात अळी आणि करपा वेगळा.

रब्बीत जमीन पडीक राहणार असेल तर काही करू नका. धांडे आडवे पाडून पसरून ठेवा. मेपर्यंत वारा, वाळवी आणि अवकाळीची ओल त्यांचं काम करतात आणि मोकळं होणारं नत्र मृगाच्या पेरणीच्या जवळपास हाताशी येतं.

कोणताही बदल सगळ्या वावरात एकदम करू नका. चार ओळींचा पट्टा सोडा, खुंटी ठोका, तारीख लिहा. आमचं खुरपं आता बांधावरच्या बाभळीला टांगलेलं असतं. गहू पेरायच्या आधी चार ठिकाणी उकरून धांड्याचा एक तुकडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा. दाबल्यावर तो तपकिरी भुगा होऊन गळला तर गहू पेरायला हरकत नाही. दोऱ्यासारखा उभा चिरला आणि आत पांढरा भेंड दिसला, तर जिवाणूंचं जेवण अजून व्हायचंय. त्या वावरात आम्ही हरभऱ्याची पिशवी फोडतो.